बंडूने मला मयत केलं तेव्हा

एंटर दाबायच्या आधी बंडू कंप्युटरच्या पाया पडायचा. आमच्या वरूडच्या संत्रा सोसायटीत तो अकोल्याहून कंप्युटरच्या कामाला आला, मी तिथं वजनकाट्यावर. परवा तो अकोल्याला परत गेला. सोसायटी मुकी झाली. त्याच्या तोंडी सारखं एकच, "आपोआप होते, काका."

माझी शाळा चौथीपर्यंत. म्हटलं, "आपोआप फक्त गवत होते रे."

"तुमी चप्पल काढली का काकू चहा ठेवते. सांगा लागते काय? त्यालेच ट्रिगर म्हणतात. वजनाची ओळ भरली का गोदामाचा माल मशीनच वाढवते. एक झालं का दुसरं झालंच."

"अन् काकू रुसली तं?"

"तं ट्रिगर बंद!"

पोरगा हुशार, पण उतावळा. एकदा त्याने नवा ट्रिगर बसवला. सभासदाच्या नावापुढे 'मयत' भरलं की सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर निरोप जाणार. चालते का पाहायला त्याने माझंच नाव घेतलं. "तुमी समोर बसले होते, काका."

दुपारी जेवायला घरी गेलो तं अंगणात ही गर्दी. एकजण तिरडीचे बांबू घेऊन. मला पाहून म्हणतो, "आता याचं काय करू?"

माझ्या मागून धावत आलेल्या बंडूवर माझी बायको शांता तुटून पडली. "बुढा जित्ता हाये अन् तू पोचवून राहिला त्याले!"

बंडू कान धरून उभा. "काकू, ओळ मी दुरुस्त केली. पण गेलेला मेसेज माघारी येत नाही वो." तिनं त्याला शिव्या दिल्या अन् जेवू घालूनच पाठवलं.

मागल्या उन्हाळ्यात शांता गेली. सकाळीच. तीही सभासद. सोसायटीच्या सचिवाने तिच्या नावापुढे 'मयत' भरलं, निरोप गेला. कोणी आलं नाही. लोक घरी बसून हसत होते, बंडूनं आता काकूले मारलं म्हणून. बाजूच्या गावचा तिचा भाऊही सभासद, निरोप पाहून तोही हसला. सवाष्ण गेली तर माहेरचं लुगडं लागते. ते आल्याशिवाय उचलायचं कसं?

बंडू आला. रिकामं अंगण पाहिलं अन् तसाच मोटरसायकलवर बसला. दारोदार गेला. एकाने विचारलं, "तुया मशीननं सांगतलं काय?"

"मशीन गेलं खड्ड्यात. मी सांगून राहिलो. काकू गेली."

ऊन उतरता परत आला. मागे तिचा भाऊ, छातीशी लुगडं धरून. सांगून सांगून बंडूचा घसा बसला होता.

शांताला ते लुगडं नेसवलं, तेव्हा पार रस्त्यापर्यंत माणसं उभी होती.