पाचशे अक्षरांत ताईचं गाणं

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खा रस्ता 'भिंगरी' म्हणायचा. पायाला भिंगरी लागलेली माणसं असतात, पण याला ती जन्मतःच लागून आलेली. जेवता जेवता उठून पंखा पुसेल, पंखा पुसता पुसता खाली कुणाची गाडी आली ते बघून येईल. एकदा एका बाईंच्या फ्रिजमध्ये हा आपला स्क्रूड्रायव्हर विसरून आला. दोन दिवसांनी त्यांचा फोन, "तुमचं हत्यार चांगलं गार झालंय, घेऊन जा." लाजायचं सोडून हा विचारतो, "म्हणजे फ्रिज चालतोय ना?"

अशा माणसाला एका जागी बसवायची ताकद फक्त गाण्यात होती. दिवसभर कॉम्प्रेसर, संध्याकाळी कॉम्प्युटर. आठ वर्षांत त्यानं आपली आपण अकरा गाणी केली आणि गाण्यांच्या ॲपवर चढवली. ना कंपनी, ना कुणाचा वशिला. ऐकणारे म्हणाल तर बायको, मेहुणा आणि चुकून बोट लागलेला एखादा. बायको म्हणे, "मेहुणासुद्धा चुकूनच."

बारावं गाणं मात्र ताईचं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी. लहानपणी दोघं भावंडं एका सुरात गायची. पुढं लग्न, पोरं, कपड्यांचे ढीग, यात ताईचं गाणं इस्त्रीच्या टेबलापुरतं उरलं. इस्त्रीचे दोन लांब हात, एक आखूड झटका, मग वाफेचा फुस्स. या तालावर ती स्वतःच जुळवलेलं काहीबाही गायची, कोट लवकर उरकावेत म्हणून. ते भिंगरीच्या कानावर पडलं आणि तो हात धुऊन मागे लागला. सहा महिने 'नाही' म्हणून झाल्यावर ताई म्हणाली, "एकदा गाते. लोकांनी ऐकलं तर पुढचं बघू. नाही ऐकलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून त्याच्या कानात 'पुन्हा काढायचा नाही' एवढंच घुमत राहिलं.

गाणं रेकॉर्ड केलं लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत. तिथं गिऱ्हाइकांचे लोकरीचे कोट टांगलेले. जाड कापड आवाज घुमू देत नाही, गिळून टाकतं. पण कोटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. जरा वारा आला की कुरकुर. मग एका रविवारी दोघांनी शहाण्णव कोटांच्या पिशव्या काढल्या, गाणं केलं आणि पुन्हा चढवल्या. त्यात दोन कोटांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, आणि एक लठ्ठ गृहस्थ तिसऱ्या दिवशी दंडापर्यंतच बाह्या आलेला कोट घालून भांडायला आले. असो.

गाणं होतं एका बाईचं. तिला कुठंतरी पोचायचंय, कुठं ते तिलाही ठाऊक नाही. इस्त्री तापेपर्यंत ताई नुसती गुणगुणत असे, तेवढी पन्नास सेकंदं त्यानं तशीच ठेवली. त्यानंतर मात्र असा ताल सुटतो, की बसलेल्या माणसानं उठावं.

आता गाणं झालं म्हणजे पोचलं असं नसतं. त्या ॲपवर मोठमोठ्या प्लेलिस्टा, म्हणजे गाण्यांच्या याद्या, असतात, आणि त्यांत काय घालायचं ते संपादक ठरवतात. त्यांच्यापुढं गाणं ठेवायचं तर गाणं बाहेर पडण्याआधी अर्ज करायचा. एका वेळी एकाच गाण्याचा. बाहेर पडलं की दार बंद. अर्जात गाण्याचा भाव सांगायचा, वाद्यं सांगायची आणि पाचशे अक्षरांत काय ती हकिकत लिहायची.

भिंगरीनं ती पाचशे अक्षरं चाळीस वेळा लिहिली आणि चाळीस वेळा पुसली. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीत. शेवटी त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. नाचऱ्या गाण्यांच्या यादीपुढं अर्जांची ही झुंबड, आणि 'झोपेआधी' नावाची एक यादी, तिचे ऐकणारे लाखांनी, पण अर्ज मोजके. शिरायचं तर कमी गर्दीच्या दारातून शिरावं.

"अहो," बायको म्हणाली, "त्या गाण्यावर काल मी भांडी दुप्पट वेगानं घासली. झोपेचं कसलं डोंबलाचं?"

"एकदा आत तर जाऊ दे. ताईचा आवाज ऐकला की लोक थांबतात का नाही बघ."

"झोपायला आलेला माणूस थांबून काय करणार?"

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अर्ज पाठवला.

मग वाट बघणं सुरू झालं. तीन आठवडे तो फोन असा काढायचा, जसं कुणी तापलेल्या पोराचं कपाळ बघावं. एका घरी फ्रिज दुरुस्त केला आणि प्लग लावायचा विसरला. दुसऱ्या घरी दुरुस्तीला मांडलेला फ्रिज सोडून शेजारचा चांगला उघडून बसला. आणि शुक्रवारी सकाळी, एका बेकरीच्या थंड खोलीत गुडघ्यांवर बसलेला असताना, फोन वाजला. गाणं बाहेर पडलं होतं, आणि थेट 'झोपेआधी'मध्ये. संपादकानं बहुधा पहिली पन्नास सेकंदंच ऐकली असावीत.

संध्याकाळपर्यंत नऊ हजार वेळा गाणं सुरू झालं. भिंगरी धावत लॉन्ड्रीत गेला. ताईनं आकडा बघितला आणि ती चादरींच्या ढिगावर बसली. मग हळूच म्हणाली, "बटणांवर एक गाणं आहे माझ्याकडे. अर्धं झालंय."

त्या रात्री भिंगरी पहिल्यांदा शांत झोपला. रविवारी त्यानं ॲपवरचा आलेख उघडला. ऐकणाऱ्यांची रेघ पन्नास सेकंदांपर्यंत सपाट, आणि एक्कावन्नाव्याला कडेलोट. ताल सुटला की लोक पळत होते. सोमवारी संपादकांनी गाणं यादीतून काढलं.

दोन दिवस तो लॉन्ड्रीचा रस्ता टाळून लांबून जात होता. तिसऱ्या दिवशी ताईनंच बोलावलं.

"ती यादी मी शोधली," ती इस्त्री फिरवत म्हणाली. "गाणं नाही त्यात. आणि नाव काय म्हणे, 'झोपेआधी'?"

"ताई, ते..."

"काय लिहिलं होतंस ते दाखव."

त्यानं फोन पुढं केला. ताईनं मोठ्यानं वाचलं. "'अत्यंत शांत. दिवसभराचा शीण घालवणारं.' हे कुणाचं गाणं रे?"

"तुझंच."

"माझ्यानं कुणाचा शीण गेलेला तू बघितलायस?"

ताईनं कोट उलटा केला. "लोकांचं काय चुकलं? ते बिचारे पांघरूण घेऊन पडले, आणि आपण त्यांच्या कानाशी इस्त्री आपटली. मीसुद्धा बंद केलं असतं. पण तू माझ्या गाण्याला का लाजलास?"

"लाजलो नाही. घाबरलो."

"कशाला?"

"कुणी ऐकलं नाही तर तू पुन्हा गाणार नाहीस म्हणून."

वाफेचा फुस्स झाला. ताई म्हणाली, "आता परत अर्ज?"

"बाहेर पडलेल्या गाण्याचा करता येत नाही."

"म्हणजे हे गेलं."

"ॲपवर आहे. पण सापडणार कुणाला?"

ताईनं तो कोट टांगला, दुसरा घेतला, तोही झाला. भिंगरी दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "आपलं ठरलं होतं त्याचं काय? आता लोकांनी ऐकलं धरायचं, का नाही ऐकलं?"

"माझं कुठं ऐकलं त्यांनी? तू लिहिलेलं ऐकलं. ठरलेलं अजून तसंच आहे." तिनं इस्त्री उभी केली. "लिही."

"काय?"

"बटणांच्या गाण्याचा अर्ज."

"ताई, गाणं अर्धंच आहे. अर्ज आधी आणि गाणं मागून, असं कुणी करत नाही."

"तू गाणं आधी करून काय दिवे लावलेस? लिही. 'हे गाणं घाईत असलेल्या माणसांसाठी आहे. गाणारी इस्त्री करते. आवाज शिकलेला नाही. झोप येणार नाही, त्या आशेनं लावू नये.' किती झाली?"

त्यानं मोजली. "पाव भागसुद्धा नाही. अजून पुष्कळ उरलीत."

"उरू देत. आणखी लिहायला लागलास की तू बिघडवतोस."

"पण संपादकाला एवढंसं वाचून काय कळणार? निदान आवाज गोड आहे, एवढं तरी..."

"गोड आहे का?"

"नाही. खरखरीत आहे."

"मग तेवढं घाल," ताई म्हणाली, आणि पुढचा कोट ओढून घेतला.