पोकळ ओळखणारे पाय

अमरावतीच्या कापूसबाजारात नत्थुजीइतका झकास नाचणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला, त्याच नाचाची भारी लाज वाटायची.

नाच कसला, तर गोणीतला! पुरुषभर उंच गोणी दांडीला टांगायची, आत उतरायचं आणि वरून पडणारा कापूस पायांनी ठासायचा. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली, विलायतेला आपल्या कापसाची ओढ लागली, तेव्हापासून नत्थुजीच्या पायांना उसंत नव्हती. कोपऱ्यात पोकळ राहिलं की गोणी गाडीवरून कलंडलीच म्हणून समजा. त्याच्या तळपायांना मात्र पोकळ आधीच कळायचं. लोकांना त्याचं काय! ते त्याला ‘नाच्या’ म्हणत. दुर्गाबाई बाजाराकडे चुकूनही फिरकत नसे.

तेजीच्या तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, “मले बद्रीनारायण दाखवा. दुसरं काई नको.”

संक्रांत करून दोघं निघाली आणि मजल दरमजल करत वैशाखात बर्फापाशी पोचली. अहाहा, काय तो पांढराशुभ्र डोंगर! दुर्गाबाई पोरीसारखी हरखली. तिनं बर्फ कपाळाला लावला, चाखला, नवऱ्याच्या मानेवरही टाकला. पहाडी वाटाड्या घाई करत होता. बर्फ सकाळी टणक असतो, ऊन चढलं की खालचं पाणी त्याला पोखरतं, असं त्यानं बजावलं होतं. यात्रेकरूंनी तुडवून काळ्या केलेल्या वाटेवरूनच चालायचं, हेही सांगितलं होतं.

पण दुर्गाबाईचा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. मळका कापूस म्हणजे कवडी, वाईट; पांढरा तो चांगला, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

“देवाले जाच्या वाटेवर हे कवडी काहून तुडवाची?” असं म्हणत ती वीसेक पावलं स्वच्छ बर्फावर गेलीसुद्धा.

“माई, हिलना मत!” वाटाड्या ओरडला. “नीचे नदी है!”

दुर्गाबाईचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला होता. खालून पाण्याचा घो घो आवाज येत होता. तिचा चेहरा बर्फाहून पांढरा पडला.

नत्थुजीनं पायातली गवताची पादत्राणं काढून फेकली. वाटाड्या नको नको म्हणत असताना तो अनवाणी निघाला. आधी अंगठा, मग चवडा, मग हळूच टाच. इथं ठासलेलं आहे. इथं पोकळ. डावीकडे वळ. छाती धडधडत होती, पण पाय शांत होते. तिच्यापाशी पोचून त्यानं तिला दंडाला धरून वर ओढलं.

“माह्या पावलातच पाऊल टाक. एकही इकडंतिकडं नको.”

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या पावलात पाऊल टाकत चालली. दोघं काळ्या वाटेवर आली न आली, तोच मागचा बर्फ धाडकन नदीत कोसळला.

वाटाड्यानं हात जोडले. “कौन से पहाड़ के हो, भैया?”

“आमच्या अमरावतीले कुठला पहाड, बाप्पा!” नत्थुजी हसला.

दर्शन झालं. सुगीला दोघं घरी परतली. पहिल्याच कापसाच्या दिवशी भर बाजारात, नत्थुजी गोणीत असताना, दुर्गाबाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन हजर! सगळे बघत राहिले. तिनं टोपली उतरवली, गोणीला बाहेरून चापटी मारली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“अवं, या कोपऱ्यात पोकळ राह्यलं. नाचा की नीट!”