काडीची कूस

"दोरे कुठं गेले?"

"कायचे दोरे?"

"लाल दोरे. माळ्यावर गळाच्या दहा काड्या होत्या, दहाही काड्याइले एकेक दोरा होता. कुठं गेले?"

"सोडले."

"सोडले म्हंजे?"

"नदीत सोडले. हात जोडून सोडले व माय, फेकले नाई. देवाचे दोरे मी काऊन फेकीन?"

शकुंतलाबाईंच्या पायांत अजून चपला होत्या. पुलगावहून एसट्या बदलत बदलत त्या आत्ता, भर दुपारी, हिंगणीत उतरल्या होत्या. लेकीचं, मयुरीचं, दुसरं बाळंतपण करून साडेपाच आठवड्यांनी घरी आल्या, तर घोटभर पाणी पिण्याआधी नजर गेली ती चुलीवरच्या माळ्याकडे. माळा रिकामा, खाली लाल दोऱ्याचा एक तुकडाही नाही.

"देवाचे? कोन्या देवाचे?"

"मले काय माईत!" त्यांचा नवरा तानबा म्हणाला. "तुह्याच कोन्या नवसाचे असन. वडाले दोरा, तुळशीले दोरा, नातवाच्या मनगटाले दोरा. म्या म्हटलं, काड्याइले नजर लागू नये म्हून बांधले असन. इकडं प्रभाकररावच्या गळ-दोरीच्या दुकानातून निरोप आला, दहा काड्या पायजे, रविवारी स्पर्धा हाय. दोरे दर खेपेले तूच सोडते, पन तू तिकडं जाऊन बसली. मंग मी काय तुही वाट पाहत राहू?"

"बारा वर्षं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बारा वर्षं तुमी त्या दोऱ्याच्या रेषेत कड्या लावल्या. दोरा कायचा, हे एकदाबी इचारलं नाई?"

"गाठ समोर असली की रेषा पकडाले बरं पडे. त्यात इचाराचं काय?"

"आन् आता? आता कोन्या रेषेत लावल्या?"

"जिकून काडी दिसाले सरळ, तिकून. एक नंबर दिसून राह्यल्या. प्रभाकरराव तं खूश झाला."

दिसायला सरळ! शकुंतलाबाईंना वाटलं, शेजारचा सायकलचा पंप उचलावा आणि या माणसाच्या टाळक्यात हाणावा. त्या चपलांसकट खाली बसल्या.

हिंगणीच्या एसटी थांब्यासमोर तानबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, मागच्याच खोलीत घर. पाटी सायकलची, पण शनिवारी-रविवारी तिथं थांबणाऱ्या स्कूटरी आणि हिरो होंडा काही पंक्चर काढायला थांबत नसत. वर्ध्याचे बँकवाले, पिपरी मेघेचे दुकानदार, एखादा प्राध्यापक, असे हौशी लोक बोर नदीच्या डोहांवर मरळ धरायला यायचे. मरळ म्हणजे मोठी हट्टी मासळी. बेडकी गिळते आणि थेट झाडाच्या मुळांत घुसते. तिला मुळांपर्यंत पोचू द्यायचं नसेल तर हातात काडी हवी वाकणारी, पण फिरणारी नाही. तशी काडी वर्ध्यात मिळत नव्हती, नागपूरला मिळायची ती परदेशी आणि नाजूक. हिंगणीची काडी मात्र सात-आठ किलोच्या मरळीलाही बधत नसे.

तानबाचा हात चांगलाच होता. त्यात खोटं काही नाही. स्पोकच्या तारेला बोटाएवढं वेटोळं देऊन तो अशी गुळगुळीत कडी करायचा की तिच्यातून सुटलेल्या दोरीचा आवाजसुद्धा यायचा नाही. जुन्या पंपाची पितळी नळी कापून तो दोन तुकड्यांचा जोड बसवायचा. सायकलच्या हँडलची रबरी मूठ काडीला चढवायचा. शेवटी चपड्याच्या रोगणाचे दोन हात मारून, मुठीच्या वर तांबड्या रंगात लिहायचा: "तानबा, हिंगणी".

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी भरीव बांबू निवडायचा, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा म्हणजे कीड लागत नाही, वर्षभर चुलीच्या धुरात ठेवायचा, निखाऱ्यावर शेकत शेकत सरळ करायचा, आणि मग त्याची कूस शोधायची. ते सगळं शकुंतलाबाईंचं.

कूस हा शब्द त्यांच्या बापाचा. रोहण्याचे अण्णाजी. चार एकराची शेती, तीन लेकी, मुलगा नाही, आणि शेतातून सुटले की नाल्यावर गरी टाकून बसायचा नाद. थोरल्या लेकीला, शकूला, त्यांनी पाट्यासमोर बसवून दाखवलं होतं. काडीचं जाड टोक पाट्यावर टेकवायचं. बारीक टोक डाव्या तळहातावर. उजव्या तळव्यानं मध्यावर दाबायचं आणि काडी हळूहळू लोळवायची. लोळता लोळता एका जागी काडी हातातल्या हातात उसळते, वळते आणि गप पडते. परत लोळवा, परत तीच बाजू खाली येते.

"माणसाले झोपाची एक कूस असते न पोरी," अण्णाजी म्हणायचे, "तशी काडीलेबी असते. तिच्या कुशीवर कड्या लाव, ते जलमभर इमानानं वागन. दुसऱ्या अंगावर लावशीन तं मासा लागल्याबरोबर हातात पलटी मारते. मंग काडी तुटन नाई तं दोरी."

ही कूस डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसते ती सरळ बाजू, आणि ती बहुतेक वेळा नेमकी खोटी असते. म्हणून सापडली की लगेच लाल दोरा बांधायचा, गाठ कुशीवर. एवढंच त्या दोऱ्याचं देवपण.

एकोणनव्वद साली, तानबानं पहिली काडी केली तेव्हा त्यांनी त्याला हे सांगितलं होतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली. तानबा हसला, गिऱ्हाइकांकडे पाहून हसला. "घ्या! आता बायका काडीले झोपवून राह्यल्या! पाळणा बांधू काय?" तिघंही खो-खो हसले. शकुंतलाबाई आत गेल्या. पुन्हा काही त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. बांबू लोळवत राहिल्या, दोरे बांधत राहिल्या. आज त्यांना कळलं की त्या दिवशी तो नुसता हसला नव्हता, त्यानं ऐकलंही नव्हतं.

"चाय तं ठेव," तानबा म्हणाला. "आल्या आल्या कायचं भांडण काढलं."

"तुमीच ठेवा."

तेवढ्यात दुकानासमोर एक मोटारसायकल करकचून थांबली. मधुकरराव. वर्ध्याच्या बँकेत अधिकारी, हौशी गळकऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी, येत्या रविवारच्या स्पर्धेचे कर्तेधर्ते. एरवी "काय तानबाजी" म्हणत हसत उतरणारा हा माणूस आज हसला नाही. त्यानं काखेतून काडीचे दोन तुकडे काढले आणि तानबाच्या पुढ्यात आपटले.

"हे काय दिलं तुम्ही?"

"तुटली?"

"तुटली? अहो, आधी हातात गर्रकन फिरली! पाच-सहा किलोची मरळ होती, काठाशी आली होती. काडीनं पलटी खाल्ली आणि मधोमध कडाड्! प्रभाकररावांकडून आम्ही दहा उचलल्या. आमच्या मंडळातल्या कुलकर्ण्यांची काल तशीच फिरली. पाहुणे यवतमाळहून येऊन राहिले, त्यांना मी हिंगणीच्या काडीचं कौतुक सांगितलं होतं. माझं नाक कापलं की राव!"

तानबानं तुकडे उचलले, उलटेपालटे केले. जोड पाहिला, जोड शाबूत. कडी पाहिली, कडी शाबूत. मग तो म्हणाला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकासमोर त्यानं बायकोचं नाव काढलं:

"इच्याच्यानं झालं, साहेब. हे लेकीकडं गेलती. मांगं बांबू हिनंच ठेवला होता, कच्चा राह्यला असन. बाईचं काम, काय सांगाचं."

शकुंतलाबाई उठल्या. आतून पाटा उचलून आणला, तो दुकानाच्या फरशीवर असा टाकला की मधुकरराव दोन पावलं मागं सरकले.

"मधुकरराव, बसा इथं."

"काकू, मी काय..."

"बसा म्हणते न! थो तुकडा द्या इकडं. मोठा."

त्यांनी तुकडा पाट्यावर टेकवला, टोक तळहातावर घेतलं, मध्यावर दाबलं आणि लोळवला. तुकडा लोळला, लोळला, उसळला, आणि पडला. कड्या खालच्या बाजूला नाहीत, भलत्याच अंगाला, आडव्या तोंडानं.

"आता तुमी करा."

मधुकररावांनी केलं. तुकडा त्यांच्या हाताखालीही उसळला आणि तिथंच पडला. त्यांनी परत केलं. परत तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून केलं.

"अरे बापरे," ते पुटपुटले. "ही आपणहून वळते!"

"हे खालची, तिची कूस. कड्या हिच्यावर पायजे होत्या. कच्चा नाई बांबू, चवदा महिने धुरात होता. म्या खुणेचा दोरा बांधला होता. यायनं थो काढून नदीत सोडला. हात जोडून!"

मधुकररावांनी तानबाकडं पाहिलं. तानबा स्पोकची तार पिळत होता.

"म्हणजे आजवरच्या सगळ्या काड्या, काकू..."

"सगळ्या."

"माझी पहिली? सहा वर्षं झाली, अजून सुईसारखी आहे ती!"

"तेबी."

मधुकरराव गुडघ्यांवर बसूनच राहिले. मग हात जोडल्यासारखं करत म्हणाले, "काकू, मला काही माहीत नव्हतं. आता एवढं करा. उरलेल्या नऊ काड्या मी संध्याकाळपर्यंत आणून देतो. कड्या काढून कुशीवर बसवून द्या. रविवारी मी स्वतः सगळ्यांसमोर सांगतो ही कुणाची कला आहे ते. तुम्ही या तिथं. पण एक सांगा, हे शिकलात कुठं तुम्ही? कुणी शिकवलं?"

शकुंतलाबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. रोहण्याचा नाला, पाट्यासमोर मांडी घालून बसलेले अण्णाजी, त्यांचा तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा, सगळं ओठांवर आलं. त्यांनी तोंड उघडलं.

"म्याच शिकवलं तिले," तानबा म्हणाला.

रस्त्यानं एक बैलगाडी गेली.

"लगन होऊन आली तवा तिले काडी धरताबी येत नोती," तानबाला आता रंग चढला. तार खाली ठेवून तो पुढं सरकला. "बसवलं समोर, म्हटलं असं लोळव, असं दाब. बायकाइच्या हाताले धीर असते, म्हून हे काम तिच्याकडं देल्लं. डोकं आपलं, हात तिचा. आन् काड्याइची फिकर नका करू साहेब, दोन दिवसात नऊच्या नऊ करून देते ते. काय व? सांग न साहेबाले. करते न?"

मधुकरराव आशेनं वर पाहत होते. नऊ काड्या, यवतमाळचे पाहुणे, रविवार.

"सांग न व! साहेब थांबून राह्यले."

शकुंतलाबाईंनी तुकडा पाट्यावर ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तानबाच्या अंगावरून, मधुकररावांच्या बाजूनं, दुकानाची पायरी उतरल्या आणि उन्हात चालू लागल्या.

"अवं, कुठं चालली? शकुन! करते का नाई, तेवढं तं सांगून जाजो!"

त्यांनी मान वळवली नाही.