एक्स-रेतला चंद्र

आमच्या घरात फेकून देण्याजोगं काही नसतं, असं बाबा आल्यागेल्याला सांगतात, आणि त्यात माझी टिंगल असते. मी हाताने कार्डं करते. वाढदिवसाची, बारशाची, कुणाची बदली झाली तर निरोपाची. रंग विकत आणत नाही. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, हाताला येईल ते कापायचं आणि चिकटवायचं. जांभा दगड कुटून गोंदात कालवला की कार्डावर सड्याची तांबडी कातळजमीन उतरते, हे मला कुणी शिकवलेलं नाही. एकदा तांबोशीचे खवले वाळवून चांदण्या केल्या. कार्ड देखणं झालं, पण ज्या मैत्रिणीला दिलं तिच्या मांजराने ते दुसऱ्याच दिवशी निकालात काढलं.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या वाढदिवसाला मला काळोखातला समुद्र करायचा होता. काळा कागद लावून पाहिला, तर पाण्यात जीवच नव्हता. निळा जिलेटिनचा कागद नाटकातल्यासारखा दिसायला लागला. मला पारदर्शक काळं हवं होतं, आणि विचार करता करता बाबांची फाईल आठवली.

बाबा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. वर्षानुवर्षं तासातासाला आकडे टिपून ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरातला प्रत्येक कागद पाकिटात, पाकिटावर काय आहे ते लिहिलेलं, आणि सगळी पाकिटं एका जाड फाईलीत. त्यात हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला छातीचा एक्स-रे होता. ऑपरेशन होऊन, टाके सुटून वर्ष झालं होतं. आता तो कुणाला लागणार, असं म्हणून मी काढून घेतला. विचारलं नाही.

खिडकीच्या काचेवर धरला आणि हरखूनच गेले. बरगड्या एकाखाली एक, भरतीच्या लाटा याव्यात तशा. पट्ट्या कापल्या. फिल्मवर गोंद धरेना, तर सुईदोऱ्याने शिवून टाकल्या. आता चंद्र तेवढा राहिला. उरलेल्या फिल्मवर शोधत होते, तर वरच्या बाजूला दोन बरगड्यांच्या मधे एक पुसट पांढरा ठिपका सापडला. वालाच्या दाण्याएवढा. कडेने थोडं काळं आभाळ ठेवून तो गोल कापून घेतला. तो सापडल्यावर मला आनंद झाला होता, हे मला स्पष्ट आठवतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं.

वाढदिवसाला बाबांनी कार्ड उजेडात धरलं.

"अगो, ह्या माझ्याच बरगड्या काय?"

मी घाबरतच मान हलवली. ते खो खो हसले. "जन्मभर पाण्यावर वीज केली, आता माझ्यावरच समुद्र सोडलास!" कार्ड त्यांनी कपाटाच्या दाराला आरशाशेजारी लावलं. गेली तीन वर्षं रोज सकाळी ते त्या चंद्राशेजारी उभे राहून भांग पाडत आले आहेत.

या वर्षी शिमग्यानंतर त्यांना खोकला लागला. आधी धुळीला नावं ठेवली, मग मोहोराला. औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. मग त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडलेली मला दिसली आणि मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला. मग त्यांनी पेनाचं टोक एका जागी टेकवलं. वरच्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मधे.

"याआधी कधी छातीचा एक्स-रे काढला होता का? हा डाग पूर्वीपासून असाच असेल तर घाबरायचं फारसं कारण नाही. नवा असेल किंवा वाढला असेल, तर मुंबई गाठावी लागेल. जुनी फिल्म मिळाली तर लगेच समजेल."

"आहे तर!" बाबा ताठ बसले. "माझ्या फाईलीतनं कधी काही हरवत नाही."

ती जागा मी ओळखली होती. डॉक्टर बोलत होते, बाबा मान डोलवत होते, आणि मला समोर फक्त आरशाशेजारचा चंद्र दिसत होता. ऑपरेशनच्या वेळी कुणाच्याही नजरेत न आलेला तो ठिपका डॉक्टरांच्याही आधी मी पाहिला होता. तेव्हाच कुणाला दाखवून, हे काय आहे, एवढं विचारलं असतं तर तीन वर्षं हातात होती. मी त्याला सुईने भोकं पाडली.

घरी येऊन बाबांनी फाईल उघडली. पाकीट निघालं. त्यात हात घातला, उलटं करून झटकलं. मग त्यांची नजर सावकाश कपाटाकडे गेली. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ते खुर्ची ओढून बसले आणि बसल्या जागेवरून कार्डाकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोसलं असतं.

जिथे तो एक्स-रे काढला होता, तिथे फोन केला. जुनं काही ठेवत नाही, म्हणाले. मग कार्ड खाली उतरवलं आणि ब्लेडने एकेक टाका उसवला. माझ्या कातरकामाच्या खोक्यात उरलेली फिल्म होती, कारण मी खरंच काही फेकत नाही. तिच्यात एक गोल भोक होतं. चंद्र त्यात ठेवला, तो नेमका बसला. लाटांच्या पट्ट्याही जागच्या जागी लावल्या. माझ्याच हाताने कापलेले बाबा टेबलावर पुन्हा जुळवत होते मी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते तुकडे दिव्यावर मांडले.

"हे कापलं कुणी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डागाभोवतीची काळी कड तपासली. "डाग अख्खा आत आहे, हे बरं झालं." प्लास्टिकची पट्टी घेऊन त्यांनी चंद्र मोजला आणि मग नव्या फिल्मवरचा डाग मोजला. मला पट्टीची गरज नव्हती. तिथे आता काजूच्या बीएवढं पांढरं होतं.

"मुंबईला जा," ते म्हणाले. "उशीर करू नका."

रिक्षात बाबांनी दोन्ही पाकिटं मांडीवर धरली होती. मिरजोळ्याच्या फाट्याशी ते माझ्याकडे वळले.

"तुकडे परत दिलेन ना डॉक्टरानं?" त्यांनी विचारलं.

"दिले. पण मी आता काही शिवणार नाही, बाबा. कात्रीला हात लावणार नाही."

"मग कपाटावर काय लावू? नव्यातलो घे. ह्यातलो चंद्र मोठो आहे." आणि ते हसले. मला हसता आलं नाही, तसे ते रिक्षाबाहेर बघायला लागले.

मुंबईत माझ्या भावाकडे उतरायचं ठरलं आहे. उद्या पहाटे निघायचं. मघाशी बॅग भरताना बाबांची फाईल चाळली. जुने तुकडे जुन्या पाकिटात आहेत. नव्या एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी वीजघरातल्या नोंदवहीत लिहायचे त्याच ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं आहे: "मुंबईहून परत आल्यावर कापणे." परत आल्यावर या शब्दांखाली रेघ मारली आहे.