आमच्या घरातून नाही

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आत एका चार मजली सोसायटीत दशरथ घाडीगावकर राहतो. इमारतींना बाहेरून रंग लावायची कामं घेतो. परांची बांधणाऱ्यांपासून ब्रश धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर ओरडतो आणि दुपारी त्याच माणसांबरोबर बसून जेवतो. पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे. अंगाने काटक, आवाजाने दणदणीत, आणि हट्टाच्या बाबतीत विचारूच नका.

सकाळी चहाच्या आधी तो एक काम करतो. त्याच्या समजुतीप्रमाणे ते जगात कोणालाही ठाऊक नाही. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत लाद्यांची एक सरळ रेघ जाते. त्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायचं, भिंतीपाशी वळायचं आणि तसंच परत यायचं. पाऊल रेघेबाहेर पडलं नाही, की दशरथचा दिवस बरा जातो. त्याची बायको जानकी त्या वेळी ओट्याकडे तोंड करून उभी असते आणि त्याचं चालून होईपर्यंत मागे वळत नाही. दीड खोलीच्या घरात नवऱ्याचं गुपित बायकोपासून लपून राहील, असं फक्त नवऱ्यांनाच वाटतं.

हे चालणं सुरू व्हायला कारण होतं दशरथचा बाप, बाळा. बाळा गिरणीत कामाला होता. चाळिशीनंतर त्याची चाल बिघडली. आधी नुसता तोल जायचा, मग जीभ जड झाली, हातातली कपबशी थरथरायला लागली. माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण चाळीतली पोरं त्याच्या मागून झोकांड्या खात चालायची आणि हसायची. मुकादमाने दारुडा म्हणून कामावरून काढलं. गावाला भाऊबंद म्हणाले, देवाचं काहीतरी राहिलंय. देवाला नारळ झाले, कोंबडा झाला, देवळात कौलही लावला. देवाने काय ते सांगितलं असेल, पण बाळा काही उठला नाही. शेवटची वर्षं तो खाटेवरच होता आणि त्याला भरवायचं काम शाळकरी दशरथकडे होतं. घास तोंडात जायच्या ऐवजी हनुवटीवर सांडायचा. तो पुसताना बापाच्या डोळ्यांत जे दिसायचं, ते दशरथने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दशरथचा धाकटा भाऊ दादू गावी असतो. मध्यंतरी गणपतीत आरतीला उभा असताना त्याच्या हातातलं तबक सुटलं आणि तोही पडला. मुंबईला आणून मोठ्या इस्पितळात दाखवलं, तेव्हा बाळाच्या दुखण्याला पहिल्यांदा डॉक्टरी नाव मिळालं. रक्तातून उतरणारा आजार. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. औषध अजून नाही. संशोधन चालू आहे.

त्या संशोधनाची माणसं मग गावच्या मुंबई मंडळाच्या सभेत आली. मुलुंडच्याच एका शाळेचा हॉल होता. पवईच्या कुठल्याशा संशोधन केंद्रातून आलेल्या इरावती नावाच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. दादूच्या रक्तात दोष कुठे आहे ते सापडलंय, घराण्यातल्या आणखी माणसांनी रक्त दिलं तर पुढे उपाय शोधायला मदत होईल, असं त्या सांगत होत्या.

इथे दशरथचं चुकलं, आणि ही चूक घाडीगावकरांच्या घरातच होऊ शकते. ह्या घराकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आहे. घरातला थोरला पुढे उभा राहून देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं घालतो, आणि मागे जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागच्या माणसाने मध्येच "माझं जरा वेगळं मत आहे" म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नाही. बापामागे तो मान दशरथकडे आला होता. तेव्हा बाईंचं बोलणं अर्धं झालं नसेल, तो उठला आणि म्हणाला, "आमच्या घरातून नाही. कोणीच देणार नाही. विषय संपला."

भाऊबंदांनी माना डोलावल्या. बाईंनी सांगून बघितलं, की रक्त दिलं म्हणजे स्वतःचा निकाल ऐकलाच पाहिजे असं नाही. पण दशरथ तोवर चपला घालत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं तत्त्व. भरल्या हॉलमध्ये त्याने जी मूठ झाकली, ती त्याच्या एकट्याची नव्हती.

मुलगी ऋतिका त्या सभेला नव्हती. ती ठाण्याला सासरी असते, बँकेत काम करते. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, तिला आणि तिच्या नवऱ्याला, नितेशला, मूल हवं होतं. दादूकाकाला पडताना तिने डोळ्यांनी बघितलं होतं. तिने स्वतःच शोधून काढून इरावतीबाईंना फोन केला, तेव्हा तिला कळलं, की तिच्या घराण्याने केव्हाच नकार कळवलेला आहे.

त्या रविवारी ती माहेरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"बाबा, माझ्या वतीने तू कोण नाही म्हणणारा?"

"घरातला थोरला आहे मी."

"देवळात. माझ्या रक्तात नाही."

दशरथने आवाज चढवला. "कळून काय करणार आहेस? औषध आहे का? नाही ना? मग कशाला डोक्याला ताप! भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

"मला पोर हवंय बाबा. त्याच्या गळ्यात हे घालायचं की नाही, ते मला ठरवू दे ना."

आता खरी मेख अशी होती, की प्रश्न एकट्या ऋतिकाचा नव्हता. हा आजार तिच्याकडे येणार तो बापाकडूनच. तिच्या रक्तात तो निघाला, तर दशरथच्या रक्तात आहेच. बापाला कळून घ्यायचं नव्हतं आणि मुलीला कळल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि दोघांचा निकाल एकाच पाकिटात होता.

ऋतिका शहाणी. ती हे धरूनच आली होती. "मी टेस्ट करते आणि तुला काही सांगत नाही. मग तर झालं?"

"चांगलं निघालं तर?"

"तर सांगेन ना. लगेच सांगेन."

"मग नाही सांगितलंस की मला कळलंच की गं."

ऋतिका म्हणाली, "बरं, चांगलं निघालं तरी नाही सांगणार. प्रॉमिस."

इतका वेळ ओट्याकडे तोंड करून असलेली जानकी तेव्हा वळली. "बाय माजे, तुजा तोंड बगला की माका सगळा कळता. आनि ह्यांका तर कळतलाच. रोज सकाळी लादयेवर चलतत ते काय गंमत म्हणून?"

दशरथ बायकोकडे बघतच राहिला. इतकी वर्षं! आणि ती पाठ करून उभी राहात होती. त्याला राग यायला हवा होता, पण तो नुसता उठून गॅलरीत गेला. ऋतिका न जेवता निघून गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. कामावर एका बादलीला त्याचा पाय अडखळला. रस्त्यात बादली ठेवली की कोणाचाही अडखळेल. पण आजूबाजूची माणसं आपल्याकडेच बघताहेत असं वाटून त्याने बादली ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पेन धरलं की हात बघायचा. जीभ अडकली की तोच शब्द पुन्हा म्हणून बघायचा. ज्याला आपण न कळणं म्हणतो, ते हेच असेल तर त्यात सुख कसलं, असा प्रश्न त्याला पडायला लागला, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

शेवटी तो एकटाच पवईला गेला. बाईंपुढे बसला आणि सभेतल्या वागण्याबद्दल एक अक्षर न बोलता थेट म्हणाला, "पोरीला माझ्याशिवाय तपासता येत नाही का?"

"येतं. ती सज्ञान आहे, तिला कोणी अडवू शकत नाही," इरावतीबाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला न कळून घ्यायचा हक्क आहे, तोही कोणी काढून घेऊ शकत नाही. अडचण एवढीच, की दोन्ही हक्क एकाच घरात राहतात."

"मग ह्याला उपाय?"

"कायद्यात नाही आणि मशीनमध्येही नाही. पण एक आहे. तुम्ही आधी तपासलंत आणि तुमच्यात नसलं, तर ऋतिकाला यायचीच गरज नाही. असलं, तरी तिच्यात असायची शक्यता निम्मीच. पुढे विचारायचं की नाही, ते तिच्या हातात उरतं. ती आधी आली आणि तिच्यात निघालं, तर दोघांच्याही हातात काही उरत नाही. पण हे मी तुम्हाला करा म्हणून सांगत नाहीये हं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

दशरथला वाटलं होतं, ही बाई आपल्याला पटवायला बघेल. पटवलं असतं तर त्याला भांडता आलं असतं.

त्याने रक्त दिलं. त्याआधी बाईंनी त्याला दोनदा बोलावून बसवलं, नाना प्रश्न विचारले, मधूनच परत फिरायचं असेल तर फिरा म्हणून सांगितलं. मंडळाच्या पुढच्या सभेत त्याने उभं राहून भाऊबंदांना सांगितलं, की मागे सगळ्यांच्या वतीने नाही म्हटलं ते चुकलं, ज्याने त्याने आपलं आपण ठरवावं. माना पुन्हा डोलल्या. सवय होती.

निकालाच्या दिवशी ऋतिका बरोबर आली. पण दशरथने तिला बाहेर बसवलं. आत बाईंनी उगाच लांबण लावली नाही. "दशरथराव, तुमच्यात तो दोष आहे," असं त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

खोलीत पंखा फिरत होता. दशरथने आपले पाय बघितले. कालचेच पाय होते. "कधी सुरू होईल?" त्याने विचारलं.

"ते नाही सांगता येत. आत्ता तपासणीत लक्षणं काहीच नाहीत. पण उंचावरचं काम सोडा."

"माझा बाप दारू पीत नव्हता," दशरथ म्हणाला. हे बाईंना आधीच माहीत होतं. तरी त्याला ते त्या खोलीत मोठ्याने म्हणायचं होतं, आणि म्हणताना त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

बाहेर येऊन तो मुलीसमोर उभा राहिला. बोलायची गरज नव्हती, घरात सगळ्यांनाच तोंड वाचता येतं. तरी तो म्हणाला, "आहे गं." ऋतिकाने त्याचा हात धरला आणि दोघं तशीच जिना उतरून खाली आली.

रिक्षा गांधीनगरच्या सिग्नलला अडकली. इतका वेळ ऋतिका बाहेर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला नाही करायची टेस्ट."

दशरथला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मला वाटलं होतं, मी डेरिंगबाज आहे. तू बाहेर आलास ना, तेव्हा कळलं. मला नाही ऐकायचं ते वाक्य. निदान आत्ता तरी नाही."

एवढी भांडलीस, मला तिथवर नेलंस, आता मागे फिरतेस? असं कोणीही म्हटलं असतं. दशरथच्या मनातही आलं असेल. पण ह्या भीतीला त्याच्याइतकं जवळून ओळखणारा दुसरा कोण होता?

"नको तर नको," तो म्हणाला. "तुझं ठरवणं अजून तुझ्याकडेच आहे. मी काही नेलं नाही त्यातलं."

तेव्हा ती रडली. सिग्नल सुटला, रिक्षा भांडुपकडे वळली, आणि ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी आवाज करून रडली. रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिलं.

मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणि मुलाचं काय करू मी? तू सांग ना बाबा. तू म्हणशील तसं करते."

दशरथने तोंड उघडलं. नाही म्हणायला त्याला कधी वेळ लागला नव्हता. पण नाही म्हणावं, तर आपल्या बापाने असाच विचार केला असता तर आपण नसतो आणि ही पण नसती. हो म्हणावं, तर हनुवटीवर सांडलेला तो घास डोळ्यांपुढून हलेना. भरल्या सभेत अख्ख्या घराण्याच्या वतीने उत्तर देऊन आलेल्या माणसाला, खांद्याला टेकलेल्या एकुलत्या एका पोरीला दोन्हींतलं काहीच सांगता येईना.