सगुणाचा उजवा पाय

घोडी तीन पायांवर उभी होती आणि बकाराम माझ्याकडं बघत नव्हता.

दवाखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली त्यानं तिला आणून उभं केलं होतं. पुढचा उजवा पाय तिनं नुसता टोकावर टेकवला होता, त्यावर भार म्हणून देत नव्हती. बाजारापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण तेवढं यायला तिला पाऊण तास लागला होता.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"नाल मारल्यापासून जी."

"म्हणजे?"

"आज सहावा दिवस."

"मग सहा दिवस काय करत होतास? पूजा?"

तो घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, अडाणी माणूस, घाबरला असेल. मी तेव्हा नोकरीत पुरता मुरलो होतो आणि समोरच्याला अडाणी ठरवायला मला फार वेळ लागत नसे. बकाराम माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. सगळे साहेब करायचे, म्हणून मीही.

ही गोष्ट सत्तरीच्या दशकाच्या अखेरची. मी भंडारा जिल्हा परिषदेचा गुरांचा डॉक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही, लाखनीपासून फार लांब नाही एवढं पुरे. एसटी हायवेवर थांबायची आणि तिथून गावात यायला टांगे होते. बाजाराचे लोक, आजारी माणसं, सुटीवर घरी येणारे जवाहरनगरचे फॅक्टरीवाले, सगळे टांग्यानंच यायचे. बकारामचा टांगा त्यातला एक आणि सगुणा ही त्याची एकुलती एक घोडी. दुसरी घेण्याची त्याची ऐपत नव्हती आणि तिला सोडून दुसरी घेण्याची इच्छाही नव्हती.

घोड्याचा खूर म्हणजे आपलं नखच समजा. बाहेरचा भाग मेलेला, तो कापला तरी दुखत नाही. आत जिवंत भाग. नालेचा खिळा बाहेरच्या मेलेल्या भागातून तिरका जाऊन खुराच्या भिंतीतून बाहेर यायला हवा. आत वळला की जिवंत मांसात शिरतो. मग तिथं पू होतो, आणि पू बाहेर पडायला वाट नसते, कारण वर नाल ठोकलेली असते. आपल्या नखाखाली सुई मोडून वरून घट्ट बूट घातला तर काय होईल, त्याचा विचार करा, म्हणजे सगुणाचे सहा दिवस कसे गेले ते कळेल.

मी एकेक खिळा उपसला. पहिले तीन कोरडे निघाले. चौथा काळा आणि ओला होता, त्याला असा वास होता की कंपाउंडर दोन पावलं मागं सरकला. नाल काढून खूर पाहिला आणि कपाळाला हात लावला. पुढून खूर कानशीनं इतका घासला होता की भिंत कागदासारखी पातळ झाली होती. खिळ्यानं आत शिरू नये तर करावं काय?

चांगला नालबंद नाल खुराप्रमाणं वाकवतो. इथं खूर नालेप्रमाणं कापला होता.

पू काढला, मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकला, जवसाचं पोटीस बांधलं, वर गोणपाट. घोड्याला अशा जखमेतून धनुर्वात लवकर होतो, आणि एकदा झाला की आपण फक्त बघत बसायचं. त्याचं इंजेक्शन दवाखान्यात नव्हतं. स्टॉक रजिस्टरमध्ये होतं, पण रजिस्टर टोचता येत नाही. भंडाऱ्याहून एसटीच्या कंडक्टरच्या हातानं मागवलं आणि त्याच संध्याकाळी दिलं.

"वाचन का जी?" बकारामनं विचारलं.

"वाचेल. पाय राहील की नाही ते महिनाभरानं सांगतो. कुणी मारली ही नाल?"

"दसरूनं. कमिटीच्या."

कमिटी म्हणजे आमची नगरपालिका. कमिटीचा एक नियम होता. टांग्याच्या घोड्याला नाल कमिटीच्याच नालबंदानं मारायची, नाहीतर टांग्याचा पास रद्द. जनावरांची गैरसोय होऊ नये म्हणून केलेला नियम होता तो. जुना नालबंद रिटायर झाला तेव्हा ती जागा सीनियॉरिटीनं भरली गेली. सीनियर कोण, तर दसरू. तो कोंडवाड्यावर होता, म्हणजे मोकाट गुरं कोंडून ठेवायचा. जनावरांशी संबंधित अनुभव हवा होता, तो झाला.

मी दसरूला गाठलं. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो.

"मी का आपल्या मनानं गेलो जी?" तो म्हणाला. "गावी बैलाईले पत्र्या मारत होतो. बैलाले पाडून, पाय बांधून मारा लागते. हे घोडं उभंच राहते! मले भेव लागते. डोये मिटूनच खिळा ठोकतो म्हणा ना."

"आणि खूर का घासलास एवढा?"

"नाला एकाच मापाच्या येतात जी ऑफिसातून. बसल्या पाहिजे ना."

त्यानं पोतं उघडून दाखवलं. सगळ्या नाला एका मापाच्या, टेंडरनं आलेल्या. त्याच्यावर रागावणं अवघड होऊन बसलं.

मी बकारामला म्हटलं, "तक्रार कर. मी लिहून देतो. भरपाई माग."

"भरपाई नको जी. त्याच्या हातात माही घोडी पुन्हा नाही द्याची, एवढंच लिवा."

मुद्दा तोच होता. नाल एकदा मारून भागत नाही. खूर वाढतो, महिना-दीड महिन्यानं नाल काढून पुन्हा मारावी लागते. सगुणा बरी झाली की नियमाप्रमाणं पुन्हा दसरूपुढं उभी राहणार होती, मिटलेल्या डोळ्यांपुढं. नाही राहिली तर पास जाणार होता. म्हणजे मी जितक्या लवकर तिला बरं करीन तितक्या लवकर ती पुन्हा लंगडी होणार, अशी सोय होती.

मी झकास अर्ज लिहिला. त्यात 'अक्षम्य हलगर्जीपणा' होता, 'मुक्या जनावरावर अन्याय' होता, 'दोषींवर कठोर कारवाई' होती. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. बकारामनं चौथीपर्यंतच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात सही केली. सही करण्याआधी तो म्हणाला, "इतकं कडक काहून लिवता जी? थोडं नरम लिवा."

"तुला कळत नाही त्यातलं," मी म्हणालो.

आठवड्यानं मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गेलो. पुण्याकडचे होते, फार सभ्य. त्यांनी फाइल वाचली होती.

"डॉक्टर, मी चौकशी केली. नाल मापात आहे. मंजूर नमुन्याप्रमाणं."

"साहेब, पण खूर..."

"खूर मापात नसेल तर त्याला कमिटी काय करणार?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हते करत.

मग अर्ज तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी पाठवण्यात आला. तालुक्यात तज्ज्ञ एकच, तो मी. माझ्याच हातचा अर्ज माझ्याच टेबलावर 'गोपनीय' असा शिक्का घेऊन आला. मी तो पुन्हा नीट वाचला आणि 'तक्रारीत तथ्य दिसते' असा अत्यंत तटस्थ अभिप्राय दिला. मजा वाटली मला. घरी बायकोला हसत सांगितलंही.

सगुणाचा पाय तोवर सुधारत होता. रोज सकाळी बकाराम पाण्याची घागर आणि मीठ घेऊन बसायचा. टांगा उभा, आणि हा दुसऱ्याच्या शेतात धानाच्या कापणीला जाऊन घर चालवायचा. पाचव्या आठवड्यात घोडीनं चारही पाय टेकले. आणि त्याच आठवड्यात कमिटीची नोटीस आली, की घोडी बरी असल्यास नालबंदी करून घ्यावी, अन्यथा पासबाबत निर्णय घेण्यात येईल. तक्रारीची सुनावणीही त्याच दिवशी ठेवली होती.

मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत आम्ही चौघं. ते, मी, दसरू आणि बकाराम. मला खुर्ची होती. त्या दोघांना नव्हती.

मी तावातावानं बोललो. खूर, खिळा, पू, सगळं. मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि एक पत्रक माझ्यापुढं सरकवलं.

"हे ओळखता?"

ओळखत होतो. टांग्यांचं वार्षिक तपासणी पत्रक. वर्षातून एकदा टांगे कमिटीसमोर रांगेत उभे राहायचे आणि मी घोडे तपासायचो. डोळे, दात, साजानं खांदा सोलला आहे का, आणि शेवटचा रकाना नालबंदीचा. त्या रकान्यात पहिल्या घोड्यापुढं मी 'समाधानकारक' असं लिहिलं होतं आणि तिथून खालपर्यंत एक बाण ओढला होता. बाण सगुणाच्या नावावरूनही गेला होता. खाली माझी सही. तारीख दसरूनं नाल मारल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

पाय उचलायला वाकावं लागतं. शिवाय हात खराब होतात. आणि चहा आला होता.

"तुमच्याच सहीनं समाधानकारक," मुख्याधिकारी म्हणाले. मग बकारामकडं वळले. "तपासणीच्या दिवशी घोडी लंगडत होती का? होती, तर डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

आणि मला आठवलं. त्यानं सांगितलं होतं. "डॉक्टरसाहेब, थोडी लचकून राहिली जी," असं तो रांगेतून पुढं येऊन म्हणाला होता. मी कपबशी हातात धरून म्हणालो होतो, "नवा जोडा आपल्यालाही चावतोच की. चालव तिला चार दिवस, बसेल." सगळे हसले होते. तोही हसला होता. आणि डॉक्टरनं सांगितलं म्हणून त्यानं तिला चार दिवस चालवली होती. डांबरी रस्त्यावर, सवारीसकट, आत खिळा असताना. पाचव्या दिवशी ती जागची हललीच नाही, आणि सहाव्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, पूजा करत होतास का.

बकारामनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

"नाही जी, तवा नव्हती लंगडत. माह्याच ध्यानात उशिरा आलं."

मुख्याधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं. "मालकाचा निष्काळजीपणा," ते लिहिता लिहिता म्हणाले. "तक्रार फेटाळण्यात येते. आजच नाल मारून घे."

मी लगेच बोललो असं सांगायला मला आवडलं असतं. पण नाही. ते 'निष्काळजीपणा' लिहून होईपर्यंत मी गप्प होतो. मनात हिशेब चालला होता. प्रमोशन जवळ आलं होतं आणि या माणसानं मला आयतं सोडवलं होतं. माझी मला लाज वाटली, आणि ती वाटायलाही थोडा वेळच लागला.

"त्यानं सांगितलं होतं," मी म्हणालो. "मीच चालव म्हणालो. मी एकाही घोड्याचा पाय उचलला नाही."

मुख्याधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. आजवर दोष कमिटीचा की मालकाचा, या पेचात ते होते. आता तो जिल्हा परिषदेच्या माणसाचा निघाला, म्हणजे दुसऱ्याच ऑफिसचा. सरकारी काम इतक्या वेगानं झालेलं मी पुन्हा पाहिलं नाही. तक्रार त्याच दिवशी मान्य झाली. चार दिवसांत मला मेमो आला. दसरूला कोंडवाड्यावर परत पाठवलं, तो इतका खूश झाला की पेढे घेऊन आला. नालबंदाची जागा रिकामी झाली, आणि ती भरेपर्यंत टांगेवाल्यांना बाहेरून नाल मारून आणायची मुभा मिळाली. माझी बदली होईपर्यंत ती जागा भरली गेली नाही. कमिटीनं घोड्यांसाठी केलेलं ते सर्वांत मोठं काम.

सुनावणीनंतर पायऱ्यांवर मी बकारामला गाठलं. "खोटं का बोललात?" पहिल्यांदाच तोंडातून अहो-जाहो आलं.

त्यानं पायरीवर काढून ठेवलेली चप्पल पायात घातली.

"गावात डॉक्टर एकच हाय जी," तो म्हणाला. "घोडीले उद्याही लागनच ना."

मला वाटलं होतं, मोठ्या मनानं वाचवलं. तसंही असेल थोडंफार. पण मुख्य म्हणजे तो मला घाबरत होता. ज्याच्या बाजूनं मी एवढा कडक अर्ज लिहिला, तोच. मेमोनं मला काही झालं नाही, या वाक्यानं झालं.

मेमो अजून माझ्या ट्रंकेत आहे, प्रमोशन दोन वर्षं उशिरा मिळालं. यातून धडा काय तो एवढाच की, कुणाविरुद्ध तक्रार लिहायला बसण्याआधी आपण काय काय न बघता सही केलंय ते आठवावं. आणि घोड्याचा पाय उचलावा. कंबर दुखते, पण उचलावा.

पुढच्या वर्षी तपासणीला टांगे लागले. चहा आला, तो मी परत पाठवला. एकेक घोड्याचे चारही पाय उचलत गेलो. टांगेवाले एकमेकांकडं बघत होते. सगुणाला बपेऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या नालबंदानं नाल मारली होती. खूर वाढत गेला तशी जुन्या जखमेची चीर आता पार तळाशी उतरली होती.

"लचकत नाही ना बकारामजी?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तुमीच पाहा जी," तो म्हणाला.

मी खाली वाकलो.