पापनाशमचं पाणी उलटं वाहिलं तेव्हा

माझं लग्न आकड्यांच्या एका मॅट्रिक्समध्ये अडकवून ठेवणारा माणूस आज पहाटे गेला.

माझे मामा. पुढे सासरे.

आम्हा तंजावूरच्या मराठी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क समजतात. माझं आणि सुमतीचं तसंच मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण मी बँकेची परीक्षा सोडून कॉम्प्युटरमध्ये शिरलो. देश नुकताच खुला झाला होता, मामांचं मन अजून नाही.

मामा कालव्यांचे इंजिनिअर. "आधी काम दाखव, मग मुहूर्त," म्हणाले.

मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. कुठला कालवा कुणाला किती पाणी देतो, त्याचा. अवघड गणित तो स्वतः करायचा नाही. शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या तयार प्रोग्रॅमला, म्हणजे गणिती इंजिनला, आकडे पाठवायचा आणि आलेलं उत्तर आपल्या स्क्रीनवर दाखवायचा.

मामा राजवाड्यामागच्या आमच्या छोट्या ऑफिसात आले. कॉफी घेतली. मी रुबाबात एंटर दाबलं.

मामांनी स्क्रीन वाचला आणि टंबलर खाली ठेवला.

"तंबी, पापनाशमचं पाणी चढून तंजावूरला येतंय रे. कावेरीला सांगितलास का?"

मी घाईघाईनं प्रोग्रॅम उघडला.

सी मॅट्रिक्समधले आकडे ओळीओळीनं ठेवतं, इंजिन रकान्यारकान्यानं वाचतं. मी तसेच पाठवले होते. त्यामुळे देणारा कालवा घेणारा झाला होता.

ओळी-रकान्यांची अदलाबदल केली. पाणी मुकाट्यानं पापनाशमला गेलं.

मग मामांना कळलं की गणित माझ्या प्रोग्रॅमनं केलंच नव्हतं. मी गयावया करत समजावलं, आपल्याला येत नाही ते येणाऱ्याला विचारायचं, आम्हा प्रोग्रॅमवाल्यांत अशीच पद्धत आहे. लग्न मोडलं असं समजून मी मनातल्या मनात मुहूर्ताला हात जोडले.

मामांनी टंबलर परत उचलला.

"सरी, बरं. इंजिनला विचारतोस. सुमतीला विचारलास का?"

नव्हतं विचारलं. कुणीच नव्हतं. हक्क असल्यावर विचारतो कोण!

त्याच संध्याकाळी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "विचार करून सांगते."

माझी आई, म्हणजे मामांचीच बहीण, रुसली. अख्खं गोत सुमतीची समजूत घालायला निघालं.

मामा दारात खुर्ची टाकून बसले. कुणाला आत सोडलं नाही. मला तर नाहीच.

काही दिवसांनी ती हो म्हणाली. लग्नानंतर कारण सांगितलं. "मी नाही म्हटलं असतं तरी अप्पा त्या खुर्चीवरून उठले नसते. म्हणून मला मनापासून हो म्हणता आलं."

मामा, ती आज फार रडतेय. मीही.

नीट जा. नमस्कार करतो.